पॅनेलवरची सकाळी पाचची ओळ

ती घटना आठवली की आजही माझी नजर आधी मनगटावरच्या घड्याळाकडे जाते.

मी मूळचा सातारचा. शिकायला जर्मनीत आलो, इथलाच नागरिक झालो आणि नेकारसुल्मच्या परिसरात पोलिसाची नोकरी केली. गुडघ्यांनी साथ सोडल्यामुळे पन्नाशीतच निवृत्त झालो.

जुलै होता. सुट्या भागांच्या एका लहान कारखान्यात दुपारी सव्वादोनला धातूचे पत्रे दाबणाऱ्या प्रेसमध्ये एका कामगाराचा हात चिरडला. पुढची संरक्षक जाळी उघडली की ते यंत्र आपोआप थांबायला हवं होतं, पण कोणीतरी ती सुरक्षाच बंद केली होती. दुसऱ्या दिवशी दुपारपाळीच्या मुकादमाने ठाण्यात फोन केला. "तो भारतीय इंजिनिअर पॅनेलशी खटपट करत होता."

पॅनेल म्हणजे यंत्रावरचा टचस्क्रीन. त्यावर दिवसभराचा तक्ता दिसतो, प्रत्येक नोंदीपुढे वेळ. 'सुरक्षा बंद, १३:१२' अशी ओळ मला दिसली. दुपारी एक ते दीड या वेळेत तो इंजिनिअर दुरुस्तीसाठी तिथे एकटाच होता. मी त्या एका ओळीचा फोटो काढून परतलो.

इंजिनिअर पुण्याचा, तिशीतला. नोकरी अजून प्रोबेत्साइटमध्ये, म्हणजे कंपनी सहज काढू शकेल अशी, आणि नोकरीवरच व्हिसा. नियमाने दुभाषी बोलवायला हवा होता. मी म्हटलं, कशाला, मी आहे की. गप्प राहण्याचा हक्क त्याला जर्मनमध्ये भरभर वाचून दाखवला आणि मग मराठीत सुरू झालो.

"काका, मी सुरक्षेला हातच लावला नाही."

"मग भूत आलं होतं का पॅनेलवर?"

"नाही हो. चाचणी घेताना चुकून बोट लागलं असेल तर... आता मलाच खात्री वाटेना."

"चुकून झालं असं लिहून दे. चूक म्हणजे काही गुन्हा नाही. आपल्या माणसाला मी अडकवेन का?"

निष्काळजीपणाने इजा करणं हाही गुन्हा असतो, हे मला पक्कं माहीत होतं. त्याने जबाबावर सही केली. आठवड्याभरात कंपनीने त्याला काढलं. त्याची बायको ठाण्यात आली. रडली नाही. एवढंच म्हणाली, "अहो काका, त्यांनी कागद वाचलाच नाही. तुमच्याकडे बघून सही केली."

त्या वाक्याने मला पुन्हा कारखान्यात नेलं. या वेळी पूर्ण तक्ता उघडला. पहिली ओळ होती 'यंत्र चालू, ०५:०२'. पण कारखान्याचं फाटकच सहाला उघडतं. शेजारच्या यंत्रावरच्या जुन्या कामगाराला विचारलं, पॅनेलचं घड्याळ मागे आहे का?

"गेनाऊ, अगदी बरोबर," तो हसला. "उन्हाळ्यात त्यात एक तास मिळवायचा. इथे सगळ्यांना माहीत आहे."

सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कोणी सांगितलं नाही. आणि मी विचारलं नाही. जर्मनीत उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात, पॅनेलचं राहिलं होतं. म्हणजे सुरक्षा बंद झाली ती सव्वादोनच्या जरा आधी. तेव्हा इंजिनिअर कारखान्यात नव्हता. दुपारपाळी नुकतीच लागली होती.

मुकादमाला बोलावलं. सुरक्षा कोणी बंद केली, असं थेट विचारलं. "आल्झो... म्हणजे, माल त्याच दिवशी जायचा होता. जाळीमुळे वेळ जात होता."

"पॅनेल तासभर मागे आहे, हे माहीत होतं?"

"हो."

इंजिनिअरला हे सांगितलं तेव्हा त्याने कपाळावर हात मारला. पॅनेल त्यानेच हिवाळ्यात बसवलं होतं. "पुण्यात घड्याळ कोण मागेपुढे करतं? उन्हाळ्याची वेळ लावायची, हे डोक्यातच आलं नाही."

चौकशी कशी केली ते मी वरिष्ठांना लेखी कळवलं. ठपका आला, तो योग्यच होता. कंपनीने मात्र त्याला परत घेतलं नाही. पुढे त्याला म्युनिकमध्ये काम मिळालं.

खबर देणाऱ्याची आधी चौकशी करावी, पूर्ण तक्ता वाचावा, हे कोणताही शिपाई सांगेल. मी शिकलो ते वेगळं. परक्या देशात आपली भाषा ऐकली की माणूस सावधपणा सोडतो. त्याचा फायदा घेणं मारहाणीपेक्षा सोपं असतं, आणि त्याचा वळही उठत नाही.

गेल्या वर्षी माफी मागायला त्यांच्या घरी गेलो. चहा झाला. त्याच्या लहान मुलीने जर्मनमध्ये विचारलं, हे कोण? मी 'काका' या शब्दाची वाट बघत राहिलो.

"पोलीस," तो म्हणाला, आणि बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली. "घ्या ना, सर."