आत्या रोज खाली उतरायची

साठी उलटल्यावर आत्याचे दोन्ही कान जवळजवळ गेले. यंत्र लावलं की आवाज यायचा, शब्द मात्र कळायचे नाहीत. तेल्हाऱ्याच्या शाळेतून निवृत्त झालेली, एकटीच राहणारी बाई. मी तिला अमरावतीला माझ्या घरी आणलं आणि वरची खोली दिली. पुस्तकं, खिडकी, शांतता. तिला आणखी काय हवं, असं मला वाटलं.

महिनाभरातच ती रोज चार वाजता खाली उतरायला लागली. समोरच्या ओट्यावर गल्लीतल्या बायका तुरीच्या शेंगा सोलत बसायच्या. आत्या त्यांच्यात जाऊन बसे. सगळ्या हसल्या की ही जरा उशिरा हसायची. कुणी काही विचारलं की भलतंच उत्तर द्यायची, मग पुन्हा हशा. वरून बघताना मलाच लाज वाटायची.

शेवटी मी वहीत लिहून विचारलं, "तू काहून जाते तिथं? बायका हसतात."

तिनं चष्मा लावून वाचलं. "हसू दे ना. वरच्या खोलीत मले लय बरं वाटते, त्याचंच भेव आहे. एखाद दिवशी खाली उतरावंसंच नाही वाटलं तं?"

त्या हिवाळ्यात शेजारच्या भाजीवालीचा नवरा गेला. तिनं ओट्यावर येणं सोडलं. बायकांचे प्रश्न तिला नकोसे झाले होते. मग आत्याच शेंगांचं सूप घेऊन तिच्या दारात जाऊन बसायला लागली. आठवडाभर दोघी नुसत्या शेंगा सोलत होत्या. एका दुपारी ती बाई बोलायला लागली. बोलत राहिली, रडत राहिली. आत्या तिचा हात धरून तिच्या तोंडाकडे बघत होती.

आत्या घरी आल्यावर मी वहीत लिहिलं, "काय म्हणाली?"

"अर्धंही नाही समजलं मले," आत्या म्हणाली. "पण तिचं होईपर्यंत मी उठली नाही."

पुढच्या सोमवारी भाजीवाली स्वतःहून ओट्यावर आली. त्या दिवशी मीही पुस्तक मिटून खाली गेले. ओट्याच्या कडेला उभी राहिले. आत्यानं थोडं सरकून जागा केली आणि माझ्या पदरात ओंजळभर शेंगा टाकल्या.