चार नंबरची बाटली

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, सांगताना मी कुणाचं ऐकून घेणार नाही. फजिती माझी झाली, पण चूक माझी नव्हती. बरं, थोडी होती.

झुइडासमधल्या आमच्या डच ऑफिसची बॉस योलांडा. तिने एका शनिवारी दुपारी बाडहूव्हडॉर्प गावातल्या आपल्या घरी सगळ्या टीमला वाईन चाखायला बोलावलं, नवरा-बायकोसकट. टेबलावर रेड वाईनच्या सहा बाटल्या. प्रत्येकीवर लोकरी मोजा चढवलेला, मोज्यावर नंबर. नाव दिसणार नाही, किंमत दिसणार नाही. चाखा आणि सांगा!

टीममधला पीटर स्वतःला वाईनमधला मोठा जाणकार समजतो. मला म्हणाला, "तुला सवय नसेल ना? सावकाश घे हं."

झालं! पुण्याच्या बाईला कुणी असं म्हणतं का?

पहिल्या तीन वाईन मी शिस्तीत तोंडात घोळवल्या आणि त्यासाठीच ठेवलेल्या भांड्यात थुंकल्या. पीटर डोळे मिटून म्हणत होता, "ओलं लाकूड... जुनं चामडं..." अहो, मग चप्पलच चाटा की!

आणि मग आली चार नंबर. काय सांगू! जांभळासारखा तुरटपणा, कोकमासारखा आंबट चटका. ही थुंकायची? छट्! गिळलीच.

"हीच सगळ्यात भारी," मी जाहीर केलं.

"ही?" पीटरने नाक मुरडलं. "पातळ आहे. हिच्यात दमच नाही."

"दम तुझ्या जिभेत नाही!" म्हणत मी दुसरा ग्लास भरला. तिसरा तर त्याच्याकडे बघत बघत संपवला. पाच आणि सहा नंबरला हातसुद्धा लावला नाही. निष्ठा म्हणजे निष्ठा!

तिसऱ्या ग्लासानंतर मला चढली. कान गरम, जीभ सैल. शेजारी बसलेला माझा नवरा मंदार मराठीत कुजबुजला, "अगं, पुरे आता. बॉसचं घर आहे."

"असू दे! आज मी बोलणारच." आणि मी थेट योलांडाकडे वळले. "सोमवारी सकाळी आठला तू मीटिंग घेतेस ना, तो शुद्ध छळ आहे. कुणी ऐकत नाही. मी तर कॅमेरा बंद करून भाजी चिरते!"

एकाचा चीजचा तुकडा तोंडाशी नेता नेता तसाच थांबला. मला काय त्याचं? सोमवारी सांगता येणार होतं, मी नाही, वाईन बोलत होती!

योलांडाने शांतपणे मोजे काढायला सुरुवात केली. "चार नंबर. सुपरमार्केटमधली, चार युरोंची."

"बघा!" मी टाळीच पिटली. "स्वस्त आणि मस्त! पीटर, ऐकलंस?"

"आणि," योलांडा बाटलीचं लेबल माझ्याकडे फिरवत म्हणाली, "अल्कोहोल शून्य टक्के. माझी बहीण गरोदर आहे, तिच्यासाठी आणली होती. गंमत म्हणून रांगेत ठेवली."

पीटरला हसता हसता असा ठसका लागला, की तिघांनी मिळून त्याची पाठ थोपटली.

योलांडा मात्र माझ्याकडेच बघत होती. "म्हणजे मीटिंगबद्दल जे बोललीस, ते पूर्ण शुद्धीत."

आता माघार घ्यायची? मी?

"हो, पूर्ण शुद्धीत!" मी ठणकावून सांगितलं. "आणि वाईनही हीच बेस्ट. उरलेली बाटली मी घरी नेतेय."

नेलीसुद्धा! पिशवीत घालून ताठ मानेने बाहेर पडले आणि सायकल हाताने ढकलत चालू लागले.

"ढकलतेस कशाला?" मंदारने विचारलं. "बस की."

"पाय लटपटतायत माझे. चढलीय ना!"

"अगं, शून्य टक्के!"

"मग लटपटतायत कशाने?"

मंदारने आपल्या सायकलवर टांग टाकली आणि म्हणाला, "परवा सोमवार आहे."