रिळांच्या खात्यातलं बोलणं

सोलापूरच्या त्या मिलमध्ये, कामगार-कल्याणाच्या ऑफिसात, मला महिनाभर ठेवून बघणार होते. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मी, मराठी बोलताना आधी मनात वाक्य जुळवायची आणि मग तोंडातल्या तोंडात म्हणायची. साहेबांनी रबरी बोळ्यांचा डबा हातात दिला. "रिळं भरणाऱ्या बायकांना हे कानात घालायला लावा. बोळे घालून एकमेकींशी बोलता येत नाही म्हणाल्या, तर डबा परत पाठवू. आणि तुम्हालाच त्यांच्याशी बोलता आलं नाही, तर इथं तुमचं काम काय?"

मी रिळांच्या खात्यात गेले. भिंतीपलीकडे माग चालू होते. आवाज पायांतून वर चढायचा. हवेत कापसाचे तंतू उडत होते, म्हणून मी नाकातोंडाला रुमाल बांधला. कानांत बोळे घातले आणि बोलायला लागले. माझाच आवाज डोक्यात घुमला. इतकं ओरडणं बरं नाही, असं वाटून मी तो आणखी खाली आणला. बायकांनी माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा रिळांकडे वळल्या.

तेव्हा मला ते दिसलं. या टोकाच्या बाईचे ओठ हलले, अगदी सावकाश, आवाजाशिवाय. त्या टोकाची बाई हसली. तिनं मधलीला काहीतरी सांगितलं आणि हसू रांगेतून सरकत गेलं. हात कुणाचेच थांबले नव्हते. एवढ्या गदारोळात त्या निवांत गप्पा मारत होत्या. मी डबा छातीशी धरून बघत राहिले.

जेवणाच्या सुट्टीत एक म्हणाली, "तोंडाला फडकं बांधून आल्या बाई. आमचा वास मारतोय जणू."

सगळ्या जिला आक्का म्हणत, त्या म्हाताऱ्या तेलुगू बाईनं तिला दटावलं. मग मला म्हणाली, "रुमाल काढा की. अन् खाली बघू नका. आमी तोंडाकडं बघतो, कानाचं काय काम हाय?"

सुट्टीनंतर तिनं मला खिडकीच्या उजेडात उभं केलं. मी रुमाल सोडला, मान वर केली आणि आवाज न काढता, एकेक शब्द सुटा करत, बोळे कशाला ते सांगितलं. आक्कानं हात पुढे करून बोळे घेतले आणि कानांत घातले. तिच्यामागून बाकीच्यांनी.

थोड्या वेळानं साहेब आले. बायकांच्या पाठीमागून मोठ्यानं काहीतरी विचारू लागले. एकीनंही मान वळवली नाही. त्यांनी डब्याकडे बोट दाखवलं, मग माझ्याकडे बघून हात झटकला.

रांगेच्या टोकावरून आक्काचे ओठ हलले, "काय म्हणत्यात सायब?"

मीही आवाज न काढता म्हणाले, "बोळे काढा म्हणतायत. बोलता येत नाही म्हणे तुम्हाला."

सगळ्या एकदम हसल्या. दोघीतिघींनी साहेबांकडे बघून नकारार्थी माना हलवल्या. ते कधी त्यांच्याकडे, कधी माझ्याकडे बघत राहिले. एवढ्या जणींसमोर मी आयुष्यात पहिल्यांदाच बोलले होते.

साहेब जवळ आले. कानांतले बोळे मी काढले नव्हते. "उद्यापासून रोज इथंच या," ते म्हणाले. मला ते दिसलं.