घराचा एकच नंबर

"लॉक कसला गो, गारीचाच नंबर हाय," काकी म्हणाली आणि तिने माझा फोन उघडला.

मी जिन्यावर होते. गच्चीवर कपडे वाळत घालून रिकामी बादली घेऊन खाली येत होते. खाली ओटीवर काकी आणि आत्या सुका जवळा निवडत बसल्या होत्या. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. तिचं सासर चिरनेरला. शेजारच्या मुलीच्या हळदीला तिला येता आलं नव्हतं, म्हणून तिला फोटो बघायचे होते. फोटो माझ्या फोनमध्ये होते आणि फोन ओटीवरच चार्जिंगला लावलेला होता. यात कोणाच्या मनात वाईट असं काहीच नव्हतं, हे आधीच लिहून ठेवते.

"ही करवली बग, हिची पिवली सारी बग," काकी म्हणत होती. "आनि नाचते कशी! नवरीपेक्षा हिलाच घाई लग्नाची."

आत्या हसली. तेवढ्यात आत कुकरची शिट्टी झाली, काकी उठून आत गेली, आणि फोन आत्याच्या हातात राहिला. मग मेसेज आल्याचा आवाज झाला. तो माझाच फोन वाजला हे मला वरूनही कळलं. आत्याने चष्मा कपाळावरून खाली ओढला.

मी उरलेल्या पायऱ्या भराभर उतरले. आत्याने फोन माझ्यापुढे धरला.

"घे गो बाय. कोनाचा तरी मेसेज आलाय."

तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मी फोन घेतला, त्याला जवळ्याचा वास येत होता. मेसेज पडद्यावर वरच दिसत होता, उघडावाही लागला नसता: नव्या गोळीने झोप कशी आहे, शनिवारी याल ना?

काकीची 'गारी' म्हणजे गाडी, आणि आमच्या घरच्या सगळ्या गाड्यांचा नंबर एकच आहे. पनवेलच्या आसपासच्या गावांत हे कोणाला नवीन वाटणार नाही. जमिनी गेल्या, त्यांच्यावर इमारती आल्या, घरोघर गाड्या आल्या, तेव्हा प्रत्येक घराने आपापला नंबर धरला. आमचा नंबर आजोबांच्या टेम्पोचा. मग बाबांच्या जीपला तोच घेतला, काकांच्या डंपरना तोच, चुलत भावाच्या मोटरसायकललाही तोच. गेटवर तो पितळेत आहे. आमच्या मुलांच्या क्रिकेट टीमच्या टी-शर्टवर पाठीमागे आहे, लग्नाच्या बॅनरवर आमच्या नावांच्या वर आहे. बाजारात लोक मला ओळखतात ते "त्या नंबरवाल्यांची मुलगी" म्हणून.

आणि तोच घरातल्या प्रत्येक फोनचं लॉक. असं कोणी ठरवलं नव्हतं. कॉलेजला गेले तेव्हा बाबांनी मला फोन आणून दिला आणि दुकानातच तो नंबर घालून दिला, जसा नव्या गाडीला हार घालतात तसा. मीही बदलला नाही. बँकेच्या अॅपला चार आकडे मागितले तेव्हा मी तेच दिले. पनवेलला सिग्नलला आमच्या गाडीमागे उभा असलेला कुठलाही रिक्षावाला आमच्या घरातला कुठलाही फोन उघडू शकला असता. जिन्यावर उभी राहून काकीचं वाक्य ऐकेपर्यंत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

काही महिन्यांपासून मी खांदा कॉलनीत एका डॉक्टरांकडे जात होते. मनाच्या डॉक्टर. ऑफिसात चार लोकांपुढे बोलायची वेळ आली की माझे हात गार पडायचे, छातीत धडधड सुरू व्हायची, आणि मी बाथरूममध्ये जाऊन बसायचे. पुढे पुढे रिक्षात बसले तरी तसं व्हायला लागलं. घरी मी शनिवारचा क्लास आहे असं सांगितलं होतं. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. जे होत होतं त्याला माझ्याकडे इंग्रजी शब्द होता, डॉक्टरही तोच वापरायच्या. घरच्या बोलीत ते कसं सांगायचं, हे मला आधी जुळवायचं होतं. आमच्या गावात अशा डॉक्टरकडे जाणाऱ्याला एकच शब्द आहे, आणि तो पहिला कोणी उच्चारला तर मग माझ्या सांगण्याला काही अर्थ राहणार नव्हता.

त्यात आत्या फोटो बघायला म्हणून आली होती खरी, पण तिच्याकडे माझ्यासाठी एक स्थळ होतं. तिच्या सासरच्या नात्यातलं, उरणकडचं. मुलगा बंदरात नोकरीला. तिने तो मेसेज वाचला असेल, तर तो तिथे माझ्या आधी पोहोचणार होता.

संध्याकाळी मी खोलीत बसून फोन पहिल्यांदा नीट पाहिला. आधी नंबर बदलला. मग बोटांचे ठसे पाहिले. माझ्याशिवाय तिथे आणखी ठसे होते. एक आईचा, कारण तिला मामाला फोन लावायचा असतो. एक वहिनीचा. एक चुलत भावाच्या लहान मुलीचा, तिला गाणी लागतात म्हणून मीच कधीतरी तिचं बोट धरून ठेवलं होतं. ते काढताना मला उगाच भरून आलं. मेसेजच्या अॅपमध्ये गेले तर माझं खातं आणखी एका कॉम्प्युटरवर चालू दिसलं. तो चुलत भावाच्या ऑफिसातला, तिथे वाळू-खडीचा धंदा चालतो. माझं आधार कार्ड छापायचं होतं तेव्हा त्याने तिथे ते उघडलं होतं आणि कोणी बंद केलं नव्हतं. माझ्या आणि डॉक्टरांच्या सगळ्या ओळी त्या टेबलावर, चहाच्या कपांशेजारी, कोणी बसेल त्याच्यासमोर उघड्या होत्या. मी ते बंद केलं. पडद्यावर मेसेजची अक्षरं दिसणं बंद केलं. बँकेचा नंबर वेगळा ठेवला. सगळं मिळून फार वेळ लागला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई माझा फोन घेऊन माझ्या खोलीत आली.

"चालत नाय गो. बिगारला काय?"

"बिघडला नाही. नंबर बदललाय."

"बरं. काय हाय मग?"

मी म्हटलं, "तुला कोणाला फोन लावायचाय? मी लावून देते."

मी मामाला फोन लावून दिला. ती खिडकीकडे तोंड करून बोलली आणि फोन देताना तो पदराने पुसून दिला, एखाद्या परक्याची वस्तू परत करावी तसा.

जेवताना चुलत भावाने सुरू केलं. "काय मॅडम, आमच्या कॉम्प्युटरवरून पन गायब? कोन हाय तो? नाव तरी सांग, गारी घेऊन बगून येतो."

"दादा, कोणी नाही."

"कोनी नाय तर कुलूप कोनाला?"

वहिनी हसली. काकीला हसू आलं नाही. तिने माझ्या ताटात भात वाढता वाढता म्हटलं, "आमच्या घराला दार हाय, पन दिवसा कदी कडी घातली नाय. आता पोरीला इंग्लिश शालेत घातला ना, आता घरातल्या घरात कुलूप. शिकली गो बाय, लय शिकली."

ती मला बोलत होती, पण दुखावलेली तीच होती हे मला दिसत होतं. माझा ताप तिने उतरवलेला, माझ्या केसांतल्या उवा तिने काढलेल्या. तिच्यापासून झाकण्यासारखं माझ्याकडे काय असणार? मी भात कालवत राहिले. घरी मी नेहमीच कमी बोलते. माझी मराठी पुस्तकातली, त्यांची गावातली. लहानपणापासून मी तोंड उघडलं की कोणीतरी नक्कल करतं, म्हणून मी बघत राहते.

पुढचे काही दिवस घरात कोणी फोनचा विषय काढला नाही. पण मी खोलीत आले की बोलणं थांबायचं. बाबा मला काही विचारत नव्हते. ते फक्त गेटवर उभे राहून मी रिक्षातून उतरेपर्यंत बघत असायचे. चुलत भावाची थट्टा त्यांच्या कानावर गेली होती आणि त्यांच्यासाठी ती थट्टा राहिली नव्हती. ते आत्याच्या सासरी शब्द देणार होते. उद्या मुलीचं दुसरीकडे काही निघालं, तर बहिणीला सासरी मान वर करता येणार नाही, हे ते मनात धरून बसले होते.

रविवारी आत्या परत आली. मुलाकडच्यांना बघायला यायचं होतं. बाबा सोफ्यावर, काका शेजारी, आई आणि काकी स्वयंपाकघराच्या दारात. चुलत भाऊ भिंतीला टेकून उभा. मला बोलावलं तेव्हा मला वाटलं चहाला बोलावलंय.

"बस," बाबा म्हणाले. मी बसले.

"त्यांना हो कलवायचा हाय. आमची हरकत नाय. तुजी काय हाय?"

मी मान हलवली. ती कशासाठी हलवली ते मलाच कळलं नाही.

"मग फोनचा नंबर सांग," बाबा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. मला वाटतं त्यांनाही ते म्हणवत नव्हतं. "एकदा बगतो, परत देतो. माजा मन साफ झाला की मी शब्द देतो."

फोन माझ्या हातातच होता. माझी बोटं गार पडली आणि छातीतली धडधड सुरू झाली, ऑफिसात होते तशीच.

"दादा, र्‍हाऊ दे ना," आत्या बाबांना म्हणाली. "पोरीचा फोन हाय. कोनी मुलगा नाय हाय, मी सांगते."

"तुला काय म्हाईत?"

"म्हाईत हाय म्हनून सांगते ना."

ती माझ्याकडे पाहत नव्हती. चहाच्या बशीकडे पाहत होती. तेव्हा मला कळलं की तिने तो मेसेज वाचला होता. इतके दिवस ती तो पोटात ठेवून होती. चिरनेरला गेली, तिथे स्थळाचं बोलणं केलं, आणि एक शब्द बाहेर काढला नाही. आताही ती मला वाचवत होती.

मला तिचे आभार मानावेसे वाटले. पण त्याच वेळी मला काहीतरी असह्य झालं. माझी गोष्ट तिच्याकडे होती. सांगायची की नाही, कोणाला, कधी, हे ती माझ्यासाठी ठरवत होती, प्रेमाने ठरवत होती. उद्या लग्न झालं असतं तर तिथेही तिनेच ती सांभाळली असती, आणि मी आयुष्यभर तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले असते. जे शब्द जुळवण्यासाठी मी थांबले होते ते अजून जुळले नव्हते. कदाचित ते जुळणारही नव्हते.

बाबांनी हात पुढे केला. तळहात वर करून, माझी प्रगतीपुस्तकं सहीसाठी घ्यायचे तसा.

मी फोन मांडीवर उलटा ठेवला. माझा आवाज बारीक निघाला, पण दारातल्या काकीलाही तो ऐकू गेला असणार.

"बाबा, मी मनाच्या डॉक्टरकडे जाते. खांदा कॉलनीत. मला भीती वाटते, माणसांत बोलायची, रिक्षात बसायची, आताही वाटतेय. गोळ्या चालू आहेत. क्लास नाहीये, शनिवारी मी तिथे जाते. त्या लोकांना हे आधी सांगा आणि मगच त्यांना बोलवा, किंवा ते आले की मी स्वतः सांगते. तुम्हाला अजून काय विचारायचंय ते मला विचारा, मी सगळं सांगेन. पण नंबर नाही सांगणार."