पेमानं माईकवर घेतलेलं नाव

गोरेगावजवळच्या बंजारा तांड्याचं स्वतःचं रेडिओ केंद्र होतं, तेही नुसतं खेळाचं, असं सांगितलं की हिंगोलीची माणसं हसतात. हसू द्या. होतं म्हणजे होतं! आणि त्या केंद्राचा आवाज होती पेमा, जी लग्न होऊन आली तेव्हा चारचौघांत पाणी मागायलाही लाजायची.

तिचा नवरा रामसिंग गोरेगावच्या बाजारात रेडिओ दुरुस्त करायचा. नव्वदच्या दशकात त्यानं मैदानावरच्या लिंबाला भोंगा बांधला आणि कबड्डीचे सामने बोलून सांगायला सुरुवात केली. परीक्षेच्या दिवसांत गाव अंगावर आलं, भोंगा उतरला. मग गड्यानं मोडक्या सेटांतले भाग जोडून एक डबा बनवला, बांबूवर तार चढवली, आणि त्याचा आवाज ओढ्यापलीकडच्या तांड्यात एफएमवर ऐकू यायला लागला. परवान्याचं विचारू नका. रस्त्यानं सरकारी जीप दिसली की पेमा डब्यावर गोधडी टाकायची.

पेमा तेवढी नवऱ्याच्या मदतीला डब्याजवळ बसायची; तांड्यातल्या बाकीच्या बाया मैदानावर जात नसत. त्या घरीच ऐकायच्या. सगळ्यांत कान देऊन ऐकायच्या त्या दोघी: पाय गेलेली सासू पारुबाई, जिला सगळे याडी, म्हणजे आई, म्हणायचे, आणि थोरली जाऊ नीलाबाई. नीलाबाईचा नवरा देविदास चढाईचा पक्का गडी. आदल्या वर्षी त्याच्या डोक्याला मार लागला होता, पुन्हा लागला तर काही खरं नाही, असं डॉक्टरनं बजावलं होतं. पण ऐकतो कोण! तो खेळायला गेला की ही रेडिओपुढं जीव मुठीत धरून बसायची.

दोन हजार चार सालचा शेवटचा सामना. एक गडी तापानं फणफणला, म्हणून रामसिंगलाच आत ओढलं. त्यानं माईक पेमाच्या हातात कोंबला.

"अवो, मी काय बोलू?"

"दिसून राहिलं ते बोल," म्हणत तो सदरा काढून पळाला.

आता आली का पंचाईत! नवऱ्याचं नाव बाईनं घ्यायचं नाही, थोरल्या दिराचंही नाही. नाव घेतलं की माणसाचं आयुष्य कमी होतं, हे पेमाला आईनं लहानपणीच शिकवलेलं. तिनं वाट काढली. बाकीच्या पाच जणांची नावं घ्यायची, आणि हे दोघं नुसते 'आमच्या घरचे'. "आमच्या घरचे चढाईला गेले... आमच्या घरच्यांनी दोघं मारले!" शेजारची पोरं खदाखदा हसत होती, पण काम भागत होतं.

सामना संपत आला आणि एका चढाईत चौघं तुटून पडले. ढीग उठला, खालचा गडी उठला नाही.

"आमच्या घरचे पडले," पेमा बोलून गेली. "उठून न्हाई राहिले."

आणि बोलल्याबरोबर तिनं जीभ चावली. पडला होता रामसिंग. पण तिकडं नीलाबाई काय समजली असेल?

पाय नवऱ्याकडं ओढत होते. तिनं माईक खाली ठेवला, परत उचलला. नाव ओठावर आलं आणि तिथंच अडकलं. तो असा निपचित पडलेला, आणि आपणच नाव घेऊन त्याचं आयुष्य तोडायचं? आणि नाही घेतलं, तर तिकडं जावेचा जीव जाईल. सेवालाल बापू, सांभाळ रे बाबा!

तिनं डोळे गच्च मिटले.

"रामसिंग पडले. माझे मालक, रामसिंग! देविदास उभे हायेत. अक्का, ऐकून राहिली ना? देविदास धडधाकट हायेत!"

माईक फेकून ती धावत सुटली.

तोंडावर पाणी मारल्यावर रामसिंगनं डोळे उघडले. खांद्याचं हाड मोडलं होतं. "कोण जिंकलं?" हा त्याचा पहिला प्रश्न. "चुलीत गेलं तुमचं जिंकणं!" पेमा रडता रडता ओरडली.

पट्टी बांधून त्याला तांड्यावर आणलं, तेव्हा नीलाबाई वाटेतच पेमाच्या गळ्यात पडली. "तुझ्या मालकाचं नाव ऐकलं अन् माझा जीव भांड्यात पडला गं. तुझा माणूस पडला, अन् मला बरं वाटलं! कशी गं मी!"

"व्हय अक्का," पेमा तिची पाठ चोळत म्हणाली. "त्याच्यासाठीच घेतलं."

आत याडी रेडिओ छातीशी धरून बसली होती. त्यातून नुसती खरखर येत होती. आता बोलणी खावी लागणार, म्हणून पेमा दारातच थांबली. "याडी, तुमच्या लेकाचं नाव घेतलं. चुकलं माझं."

म्हातारीनं रेडिओ बंद केला.

"तुमचं दोघींचं बरं हाये, बाई. एक नाव आलं अन् एकीचा घोर गेला. मला कोणतं नाव ऐकून बरं वाटणार होतं?"

पेमा दारातून आत आली. म्हातारीच्या पायाशी बसली.

तेव्हापासून माईक पेमाकडंच राहिला. डबा चालला तोवर प्रत्येक सामना ती एकाच बोलण्यानं सुरू करायची: "याडी, रामसिंग उभे हायेत. देविदास उभे हायेत. आता ऐका."