चार दिव्यांवर काढायचं चाक

रान शिचुन नावाचा माणूस गॅसच्या शेगड्या दुरुस्त करत डोंगरभर फिरायचा. पण मला सांगायचं आहे ते त्याच्या बायकोबद्दल, मेइशिउबद्दल. तो गेल्यावर दीड वर्ष ती दर गुरुवारी माझ्या दुकानात येऊन बसायची. लोणच्याचा धंदा तिचा, त्यामुळे मांडीवर कायम लसणाचं टोपलं.

आमच्या चोंगछिंग शहरात जिकडे जावं तिकडे जिने. सायकल इथे कुचकामी. म्हणून शिचुनने विजेवर चालणारं एकच चाक घेतलं होतं. दोन बाजूंना दोन पाट्या, त्यांवर उभं राहायचं आणि निघायचं. जिना आला की मुठीला धरून उचलायचं. मी अशीच चाकं दुरुस्त करतो. खाली नदीकाठच्या बोळात दुकान आहे माझं. गिऱ्हाइकाचं चुकलं तर तोंडावर सांगतो, म्हणून फार कोणी माझ्याकडे गप्पा मारायला येत नाही. शिचुन यायचा आणि गप्प बसायचा. छान जमायचं आमचं.

हे चाक उतारावर आवरलं की मोटर उलटं काम करते आणि वीज बॅटरीत परत भरते. पण बॅटरी आधीच काठोकाठ असेल तर ती वीज जाणार कुठे? भरल्या हंड्यात आणखी पाणी ओतल्यासारखं होतं. चाक आधी शिट्टी मारतं, पाट्या मागे कलवतं, आणि तरीही उतार संपला नाही तर मोटर बंद पडते. मोटर बंद म्हणजे तोल गेला. म्हणून डोंगरमाथ्यावर राहणाऱ्याने चाक पुरतं भरायचं नसतं. शिचुन अगदी माथ्यावर राहायचा. दारातून निघालं की सरळ उतार. बॅटरी किती भरली ते दाखवणाऱ्या पाच दिव्यांपैकी चार लागले की तो चार्जिंगची वायर काढायचा. मीच शिकवलं होतं त्याला.

बायकोला मात्र त्याने यातलं काही सांगितलं नाही. ती म्हणायची, अहो, अजून भरतंय की. तो म्हणायचा, पुरे. तिला वाटलं नवरा वीज वाचवतोय, आणि ती त्याला शेजारणींसमोर चिक्कू म्हणून चिडवायची. तो हसायचा फक्त. अरे बाबा, दोन वाक्यं बोलला असतास तर काय तोंड झिजलं असतं का?

तो गेला त्या हिवाळ्यात एकदा चाकाची वीज वाटेतच संपली. वीस किलोचं ते धूड हातात घेऊन तो चारशे पायऱ्या चढला आणि घरी येऊन कंबर धरून बसला. तिला वाटलं, पूर्ण भरलं असतं तर ही वेळ आली नसती. रात्री त्याने नेहमीसारखी चार दिव्यांवर वायर काढली. पहाटे, तो उठायच्या आत, तिने ती परत लावली आणि पाचवा दिवा लागल्यावर काढून ठेवली. सकाळी त्याला उशीर झालेला, बाहेर दाट धुकं. आपल्याच हाताने वायर काढली होती, म्हणून दिव्यांकडे त्याने पाहिलंही नाही. तिखट शेवया घाईघाईत खाऊन निघाला. तिसऱ्या वळणावर भिंतीवर आपटला, आणि संध्याकाळी दवाखान्यात त्याचा जीव गेला.

पहाटेचं हे सगळं तिनेच मला सांगितलं. तेही समाधानाने, की निदान शेवटच्या दिवशी तरी त्यांना भरलेलं चाक दिलं.

तोवर चाकात आपोआप साठलेली नोंद मी पाहिली होती. निघताना बॅटरी पूर्ण भरलेली. मग अकरा सेकंद शिट्टी. त्याला कळलं असणार, पण थांबायचं म्हणजे आवरायचं, आणि आवरलं की आणखी वीज भरणार. सुटकाच नाही. तिने विचारलं, "भाऊजी, काय बिघडलं होतं त्यात?" मी जन्मात कोणाची भीड ठेवली नाही, पण तिच्यापुढे जीभ वळली नाही. म्हणालो, आतलं सर्किट जळलं, वहिनी, कोणाचाच दोष नाही. तिने सुस्कारा सोडला. मग ती दर गुरुवारी येऊ लागली, चाक बनवणाऱ्यांना शिव्या घालू लागली, आणि मी मान डोलवत राहिलो.

गेल्या उन्हाळ्यात एका गुरुवारी शिआंग लान नावाची एक नर्स दुकानात आली. मेइशिउच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर नवीन राहायला आलेली. नवं चाक घेऊन आली होती. विचारू लागली, काका, रोज ड्यूटीला निघायच्या आधी पूर्ण भरून ठेवलं तर चालेल ना?

मी तोंड उघडायच्या आत शेजारी बसलेली मेइशिउ म्हणाली, "पूर्ण भर गं बाई. आमच्या ह्यांच्यासारखा चिक्कूपणा करू नकोस. तू विसरलीस तर मी वर येऊन वायर लावून देईन."

मुलीला बाहेर नेऊन सांगावं, तर ही वर जाऊन भरून ठेवणार. हिला अडवावं, तर कारण सांगावं लागणार. दीड वर्ष मूग गिळून बसलो होतो. आताही बसलो असतो तर ही पोरगी त्याच वळणावर पडली असती.

"पूर्ण भरायचं नाही," मी म्हणालो. "माथ्यावर राहणाऱ्याने चार दिव्यांवर काढायचं. भरलेलं चाक उतारावर बंद पडतं."

मान वर न करता मी मुलीला सगळं समजावून सांगितलं. तिने लिहून घेतलं, आभार मानले आणि गेली. तिला काय ठाऊक.

लसूण सोलणारे मेइशिउचे हात थांबले होते.

"त्या दिवशी पाच होते," ती म्हणाली.

"हो."

"तुम्हाला ठाऊक होतं."

"पहिल्या दिवसापासून, वहिनी."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने हळूच विचारलं, शिट्टी वाजली होती का. मी म्हणालो, वाजली होती.

"दवाखान्यात ते शुद्धीवर होते," ती म्हणाली. "मी विचारलं, काय झालं हो? माझा हात धरला आणि म्हणाले, धुक्यात पाय घसरला, चाक चांगलं होतं. मला राग आला. मरतानाही चाकाची बाजू घेतोय हा माणूस, असं वाटलं मला." तिने टोपलं खाली ठेवलं. "त्यांना कळलं होतं, भाऊजी. कोणी भरलं ते कळलं होतं."

जाता जाता त्या मुखदुर्बळ माणसाने बायकोसाठी एक खोटं बोलून ठेवलं होतं, तिला जन्मभर पुरेल असं. ते मी मोडलं. मुलगी वाचली हे खरं, पण मोडलं ते मीच.

मेइशिउ टोपलं उचलून निघून गेली. त्यानंतर कितीतरी गुरुवार आले, ती दुकानात आली नाही.