मोटर तांब्याची आहे न?

बाबांची सारी नोकरी मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत गेली. निवृत्त होऊन बालाघाटला आले, तरी तांबं काही सुटेना. जुनी वॉशिंग मशीन भंगारात देऊन मी नवी आणली, तर त्यांचा पहिला प्रश्न, "मोटर तांब्याची आहे न?" दुकानात मी विचारलंच नव्हतं. वैतागून म्हणालो, "हौ, विचारूनच आणली."

दीड वर्षात मोटर जळली. मिस्त्रीने ती बाबांसमोरच उघडली. न जळलेली तार लालसर दिसली, तसा मीच पुढे होऊन म्हणालो, "पाहा, तांबंच आहे." बाबांनी चाकूने तार खरवडली. लाल थर निघाला आणि खालून पांढरं ॲल्युमिनियम दिसलं.

"दुकानदारानं फसवलं माह्या पोराले," ते मिस्त्रीला म्हणाले.

मी मान डोलावली.